आंधळ्यांना जास्तीची सुकट

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मखमलाबादला रंगूबाईच्या मळ्यात खेकडे आले, ते काही रश्श्यासाठी नव्हे, लेकीच्या पीएच.डी.साठी. सुवर्णाने हरसूलकडच्या ओढ्यांतून माद्या आणल्या आणि कॉलेजला सुट्टी लागली म्हणून घरीच एकेकीला वेगळ्या टबात ठेवलं. निम्म्यांचे डोळे देठासकट काढलेले. रंगूबाईला बघवेना.

सुवर्णाने समजावलं. त्या देठात एक हार्मोन तयार होतं, ते कधी नि किती करायचं हे जनुकं ठरवतात, आणि ते हार्मोन अंडाशयाला वाढू देत नाही. देठ काढला की अंडाशय लवकर भरतं का, एवढंच पाहायचं होतं. रंगूबाईने मान डोलावली. पण शास्त्र गेलं चुलीत, आंधळा जीव दारात असताना घास गोड कसा लागायचा? आंधळ्या-पांगळ्याला आधी वाढायचं, ही तिच्या घरची रीत. लेक सगळ्यांना सारखी सुकट घालायची. तिची पाठ वळली की ही आंधळ्यांच्या तोंडाशी आणखी सरकवायची.

महिन्याने चिरून पाहिलं तर आंधळ्यांची अंडाशयं केशरी, गच्च. सुवर्णा हरखली. रंगूबाईही हरखली आणि बोलून गेली, "भरणारच की. मी रोज लपून चारीत व्हते त्यांना."

सुवर्णाने नोंदींची वही मिटली. ही वाढ हार्मोन गेल्याने की सुकटीने, आता कोण सांगणार? रंगूबाई म्हणाली, मग सरांना सांगूच नको. पण पोरगी बापासारखी हट्टी. सांगून आली आणि वर्ष वाया गेलं. रंगूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात चारायचं काम सुवर्णाने आईवरच सोपवलं. भावकी म्हणाली, येडी का खुळी ही! रंगूबाईने सगळ्यांना सारखंच घातलं. एखादी आंधळी मादी घासाशेजारीच चाचपडत राहायची. ही तोंडाला पदर लावून उभी, पण हात पुढे केला नाही.

याही खेपेला आंधळ्याच भरल्या, अगदी गेल्या वर्षीइतक्या. आता पदवी कुणी अडवत नव्हतं. रंगूबाईला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. तरी तिने लेकीला विचारलंच.

"म्हंजे माझ्या घासानं त्यांना काहीच झालं नव्हतं?"

सुवर्णाने आईचा हात धरला.

"नाही झालं, आई," ती म्हणाली.