मानी म्हणजे

नवरा गेल्यावर बनूबाई लहानग्या तेजलला घेऊन जुन्नरकडून अंबरनाथच्या बुवापाड्यात भावाकडे आली आणि उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. वहिनीकडे डबा मागायची तिला लाज वाटे. दुपारी बाकीच्या बायका जेवायला बसल्या की ती कोपऱ्यात नुसतीच बसून राही. मालकाची म्हातारी आई, मोहिनीअम्मा, फक्त सिंधी बोलायची. ती रोज बनूबाईपुढे येऊन विचारायची, "मानी?"

बनूबाईला वाटायचं, म्हातारी टोमणा मारतेय, मोठी मानी लागून गेलीस! काही दिवस तिने ऐकून घेतलं. मग एकदा सगळ्यांसमोर ओरडली, "हो, आहे मी मानी! तुमचं काय जातं?" आणि काम सोडून निघाली. अम्मा दारापर्यंत मागे आली, पण बनूबाईने वळूनही पाहिलं नाही.

पुढे तेजलने अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला. शेजारची सिंधी बाई एकदा पोराला दटावत होती, "मानी खाउ!" बनूबाईने तेजलला अर्थ विचारला.

"अगं आई, त्यांच्यात मानी म्हणजे चपाती, जेवण. जेव म्हणतेय ती त्याला."

दुसऱ्याच दिवशी बनूबाई कॅम्प दोनला गेली. कारखाना होता, पण अम्मा कधीच वारली होती. मालकाने तिला ओळखलं नाही.

"क्या काम था, बाई?"

बनूबाईने भिंतीवरच्या अम्माच्या फोटोला हात जोडले.