गाठ इंदूबाईंची होती

डॉक्टरच्या वकिलानं फाइलीतून फोटो काढला आणि यवतमाळच्या ग्राहक आयोगापुढे अशा थाटात ठेवला, की निकाल जणू त्याच्या खिशातच होता. फोटोत इंदूबाई नरवाडे हसत होत्या. जरीची साडी, कपाळभर कुंकू, हातात नारळ. शेजारी त्यांचे मालक सदाशिवराव डॉक्टर चारुदत्तांच्या डोक्यावर टोपी ठेवत होते. "ऑपरेशननंतर याच बाईंनी माझ्या अशिलाला घरी बोलावून जेवू घातलं, सत्कार केला," वकील म्हणाला. "आणि आज निष्काळजीपणाचा आरोप करून नुकसानभरपाई मागतात."

मागच्या बाकावर इंदूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच हो. ज्याला आपल्या हातानं वाढलं, तोच ते वाढणं आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवायला लागला, तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल कानामागे घट्ट केला. औषधांनी केस गेले होते, नवे अजून धड आले नव्हते. लेक सलोनीनं त्यांचा हात दाबून धरला, नाहीतर त्या तिथंच उठून उभ्या राहिल्या असत्या.

इंदूबाई महागावजवळच्या खेड्यातल्या. घरची शेती, कपाशी, सोयाबीन, मधल्या ओळींत तूर. खाऊनपिऊन सुखी घर. बाई भल्या फटकळ. मळणीयंत्र सुरू असलं तरी त्यांचा आवाज शेजारच्या वावरात ऐकू येतो, अशी गावात थट्टा चालायची. बाजारात व्यापारी सोयाबीनच्या ढिगात हात घालून "ओल आहे" म्हणाला, की त्या स्वतः मूठभर दाणे त्याच्या दाताखाली द्यायच्या आणि म्हणायच्या, "चावून पाय बरं, मंग सांग." त्यांच्याशी वाद घालायला गावातली माणसं दोनदा विचार करायची.

पण एवढी तोंडाळ बाई, स्वतःच्या छातीत गाठ लागली तेव्हा मुकी झाली. आपल्याकडे बाईला पायाचं दुखणं सांगता येतं, पोटाचं सांगता येतं, छातीचं सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. अंघोळ करताना हाताला लागलेली ती गाठ त्यांनी बरेच दिवस पदराखाली ठेवली. शेवटी एकदा भाकरी थापता थापता, नवऱ्याकडे पाठ करूनच त्या बोलल्या. सदाशिवराव साधा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना उमरखेडला डॉक्टर चारुदत्तांकडे नेलं.

चारुदत्तांकडेच का, तर ते गुरुजींचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांनी सदाशिवरावांना शाळेत शिकवलं होतं. गुरुजींच्या मुलापुढे सदाशिवराव खुर्चीवर टेकायलासुद्धा लाजायचे, तिथं प्रश्न कुठला विचारणार? डॉक्टरांनी पदरावरूनच दोन बोटांनी चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. काढून टाकू. काही घाबरायचं नाही." हे त्यांनी सदाशिवरावांकडे बघून सांगितलं. छाती ज्यांची होती त्या शेजारीच बसल्या होत्या.

ऑपरेशन छोटंसं. तेवढीच जागा बधिर करून केलं. इंदूबाई टेबलावर टक्क जाग्या होत्या. गाठ निघाली, टाके पडले आणि डॉक्टर ट्रे घेऊन दाराशी गेले. काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची, ही तिकडची रीतच. पोटातला खडा असो की अंगातली गाठ, घरच्या माणसानं डोळ्यांनी पाहिली की काम झालं आणि बिल वाजवी आहे, याची त्याला खात्री पटते. दार उघडंच होतं. आवळ्याएवढी गाठ दाखवून डॉक्टर म्हणाले, "ही बघा. फेकून देऊ ना?" सदाशिवरावांनी हात जोडले. "तुम्ही म्हनसान तसं, साहेब."

आणि गाठ गेली कचऱ्यात. तपासणीला पाठवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पाठवली नाही ती पैसे वाचवायचे म्हणून नाही, सोय नव्हती म्हणूनही नाही. यवतमाळला तपासणी होते, बाटलीत घालून दिली असती तर सदाशिवराव एसटीनं मांडीवर घेऊन गेले असते. पण डॉक्टरांना वाटलं चरबी आहे, म्हणून ती चरबी. नुसतं त्यांना तसं वाटलं, एवढ्यावर एका बाईच्या जिवाचा निकाल लागला.

घरात आनंद मावेना. "तुम्ही आता ठणठणीत," असं डॉक्टर म्हणाले होते ना. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला इंदूबाईंनी डॉक्टरांना सपत्नीक बोलावलं. टाके नुकते सुकले होते, तरी पुरणाचा घाट त्यांनी स्वतः घातला, आंबील केली, सोळा भाज्या केल्या. जेवणानंतर टोपी, दुपट्टा, नारळ. डॉक्टरांच्याच माणसानं फोटो काढला आणि तो दवाखान्यात, पेशंट बसतात तिथं भिंतीवर लागला.

पुढच्या वर्षी काखेत गाठ आली. इंदूबाई पुन्हा उमरखेडला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही काकू, आतले टाके कडक झालेत. शेक द्या." काखेतल्या गाठीला टाके कारण? पण विचारणार कोण. त्या बिचाऱ्या गरम विटेनं शेकत बसल्या. कपाशीची वेचणी झाली, तूर झाली, त्या शेकतच होत्या. हात सुजून बांगड्या रुतायला लागल्या, तेव्हा सलोनी आली. ती यवतमाळला लोहारा भागात राहते, तिचा नवरा तिथल्या कारखान्यात आहे. तिनं आईचा हात पाहिला आणि कुणालाही न विचारता तिला गाडीत घातलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात सुईनं तपासणी झाली. कॅन्सर. काखेतून पुढे सरकलेला.

नागपूरला स्तन काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळत विचारलं, "पहिली गाठ काढली होती म्हणता, तिचा रिपोर्ट कुठे आहे?"

"कोनता रिपोर्ट?" इंदूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "छातीतून काढलेली गाठ तपासायलाच लागते, मावशी. दिसायला कशीही असो. तेव्हाच तपासली असती तर इतकं वाढू दिलं नसतं."

इंदूबाई त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांना राग आला, आणि तो राग त्यांनी पुढे कुणाच्या सांगण्यावरून खाली ठेवला नाही. चालता येऊ लागल्याबरोबर त्या उमरखेडला गेल्या. डॉक्टरांनी चहा मागवला. चहा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "गाठ काहून नाही तपासली?"

"मी तुमच्या यजमानांना विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तेच म्हणाले फेका. आणि काकू, कॅन्सर काय मी दिला का तुम्हाला?"

"झाला तो झाला, त्याचा तुमच्यावर आळ नाही. वाढू तुम्ही देला."

बघा म्हणजे. आपली चूक कुणाच्या गळ्यात घालायची, तर हात जोडलेल्या माणसाच्या. इंदूबाई घरी आल्या त्या तशाच तणतणत, आणि पहिला दणका सदाशिवरावांनाच बसला. "तुम्ही कोन हो सांगनारे, फेका म्हनून? माह्या अंगातली गाठ होती ना? मी आतमंधी जागी होती. मले आवाज देता आला नसता?" सदाशिवरावांनी मान खाली घातली. तेव्हापासून ते ताटावर बसायचे आणि अर्धी भाकर टाकून उठायचे. इंदूबाईंना ते दिसत होतं, पण त्यांनीही समजूत काढली नाही. कायले काढायची, असं त्यांना वाटायचं, आणि खरंच होतं.

इंदूबाईंनी आयोगात केस लावली तसं गाव पालटलं. देवमाणसावर केस करते म्हणाले. गुरुजींच्या घराण्याला बट्टा लावते म्हणाले. आजारानं डोकं फिरलं, पैशाची हाव सुटली, काय काय म्हणाले. तीन गावांची बाळंतपणं करणारा डॉक्टर चुकू शकतो, हे कुणाच्या पचनी पडेना, जसं काही चूक कबूल केली तर उद्यापासून दवाखानाच बंद पडणार होता. नात्यातले वडीलधारे बापूजी समजावायला आले तेव्हा इंदूबाईंनी त्यांना विचारलं, "मामंजी, तुमची गाय मेली तर तुम्ही ढोराच्या डाक्टरले जाब इचारता. मी गायीपक्षा खाली हाय का?" बापूजी पाणी पिऊन गेले.

तर त्या दिवशी आयोगापुढे तो फोटो आला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला यावर काही सांगायचंय?" इंदूबाई उठल्या. "फोटो खरा हाय, बाईसाहेब. यायनं मले सांगतलं तू बरी झाली, म्हनून मी जेवू घातलं. मी बरी नोहती झाली. खोटं सांगून जेवून गेले, अन् आता त्याच जेवनाची पावती दाखवून राह्यले."

मग वकिलानं सदाशिवरावांना उभं केलं. केसचा सगळा भार आता त्यांच्या एका उत्तरावर होता. नवऱ्यानंच तपासणीला नकार दिला हे एकदा लिहून घेतलं गेलं, की डॉक्टर सुटले आणि इंदूबाई खोट्या पडल्या. "गाठ फेका असं तुम्ही म्हणालात की नाही? हो किंवा नाही."

सदाशिवरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. गुरुजींचा मुलगा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले नाहीत.

"हो म्हटलं," ते म्हणाले. "मले इचारलं फेकू का, मी हो म्हटलं. तपासू का, असं इचारलंच नाही. मी शेतकरी मानूस, मले काय मालूम गाठ तपासा लागते. ते यायले मालूम होतं." वकील काही बोलणार तेवढ्यात त्यांचा आवाज चढला. "अन् मले कायले इचारलं? जिची गाठ होती ते दोन हातावर जागी पडली होती. तिले काहून नाही इचारलं?"

अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न डॉक्टरांना केला. "रुग्ण शुद्धीवर होत्या?" "हो." "मग त्यांना सांगितलं?" डॉक्टर चाचरले. म्हणाले, "आमच्याकडे पुरुष माणसाशीच बोलायची पद्धत आहे." स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

आदेश इंदूबाईंच्या बाजूनं लागला. गाठ तपासायला न पाठवणं आणि रुग्णाला अंधारात ठेवणं हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा आहे, त्यांनी भरपाई द्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सलोनीनं वाचून दाखवलं तेव्हा इंदूबाईंनी ते वाक्य तिला पुन्हा वाचायला लावलं. त्या रात्री सदाशिवरावांच्या ताटात त्यांनी न विचारता दुसरी भाकर वाढली आणि त्यांनी ती खाल्ली.

पण डॉक्टर नागपूरला अपिलात गेले. वर्ष सरलं, तारखा पडत राहिल्या. तोवर दुखणं इंदूबाईंच्या कंबरेच्या हाडात उतरलं. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना.

कापूस वेचणीच्या दिवसांत डॉक्टर चारुदत्त स्वतःच गाडी घेऊन दारात आले. ओसरीवर खुर्ची घेऊन बसले. समोर सदाशिवराव, बाजूच्या खाटेवर उशीला टेकून इंदूबाई. डॉक्टर सदाशिवरावांकडे वाकून हळू बोलू लागले. "भाऊ, आयोगानं सांगितली त्याहून जास्त रक्कम आजच देतो. फक्त आपण दोघं मिळून लिहून देऊ, की गैरसमज होता, म्हणजे तो आदेश रद्द होईल. अपील चालायला किती वर्षं लागतील काय सांगता येतं? काकूंची तब्येत बघता… तुम्ही व्यवहारी विचार करा. बोला, काय म्हणता?"

सदाशिवराव उठले. आपली खुर्ची बाजूला सरकवली, डॉक्टरांच्या समोरून दूर झाले. "ते तिले इचारा," म्हणाले.

डॉक्टरांना मान वळवायला वेळ लागला. इंदूबाई थेट त्यांच्याकडे बघत होत्या.

"पैसे मले लागतात, साहेब. औषधं फुकट येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण शब्द पूर्वीसारखेच खणखणीत. "पन गैरसमज होता असं मी लिहून नाही देत. गाठ तपासाची होती. मले इचाराचं होतं. हे सरकारच्या कागदावर लिहिलं हाय, ते मी हयात असताना नाही खोडू देत. मी मेली त माही पोरगी चालवते केस, वकिलाले इचारून ठेवलं हाय तिनं. माह्यं उत्तर नाही हाय."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. आणि मग सदाशिवरावांकडे वळून म्हणाले, "बरं, काकूंचं झालं. तुमचं काय म्हणणं आहे?"