नानांची साखळी

नाना आधी कानफटात द्यायचे आणि कारण मागाहून सांगायचे. कधी कधी कारण सांगायचं राहूनच जायचं. मग गाल चोळत आपणच विचारायचं, "नाना, झालं काय?" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तूच इचार कर." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. लांबून बघायला गमतीची, जवळ उभं राहायला महागात पडणारी.

नाना रोह्याचे. तिथल्या एका केमिकल कंपनीत फोरमन आणि उमेदीत कबड्डीचे खेळाडू. त्यांची पकड सुटत नसे अशी ख्याती होती. माझा पेणला छापखाना. आमची गाठ पडली ती उद्योजक मेळाव्यामुळे. उद्योजक हा शब्द मी पत्रकावर छापला तेव्हा पापडवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पण होत्या त्या उद्योजकच. त्या, गणपतीच्या मूर्तींचे कारखानदार, पोहेवाले आणि रोह्याकडचे छोटे वर्कशॉपवाले. या सगळ्यांचा माल एकच व्यापारी उचलायचा. ट्रक त्याचे, म्हणून भावही तोच ठरवायचा. मेळाव्याला मुंबईचे खरेदीदार स्वतः येणार होते आणि ऑर्डरी थेट देणार होते. व्यापाऱ्यानं निरोप धाडला, "मांडव घाला खुशाल. उभा ऱ्हातो का बघू."

म्हणून स्वयंसेवक हवे होते, आणि तेही दणकट. आम्ही दोन्ही गावचे कबड्डीचे संघ बोलावले. हा शहाणपणा कुणाला सुचला देव जाणे, कारण पेण आणि रोहा म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. पहिल्याच बैठकीत माझ्या छापखान्यात खुर्च्या उडाल्या. एकाचं नाक फुटलं, शाईचा डबा लवंडला. नाना आत आले, पेणच्या एकाला ठेवून दिली, रोह्याच्या एकाला ठेवून दिली, आणि मी मध्ये पडलो म्हणून मलाही एक दिली. "आता सगळी बसा," म्हणाले. सगळे बसले, मीसुद्धा.

त्यांची युक्ती साधी होती. कबड्डीत हातात हात गुंफून चढाईवाल्याला धरतात, तशी साखळी मांडवाभोवती करायची. एक गडी पेणचा, त्याच्या शेजारी एक रोह्याचा. "आपल्याच्या हातातना हात सुटला तं चालून जातं," ते म्हणायचे. "दुसऱ्या गाववाल्यासमोर सोडायची लाज वाटते." मारामारी करायची नाही, एवढाच हुकूम. "एकानं हात उचलला का साखळी तुटली. मांडव ग्येला."

तालीम त्यांनी रामवाडीच्या बाजूच्या मैदानात घेतली. पोरं हात धरून उभी, आणि नाना निरगुडीची शिपटी घेऊन त्यांच्या पोटऱ्या फोडतायत. वळ उठायचे. पोरं ओठ चावून उभी राहायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, हा कसला मेळावा?

शिमगा झाल्यावर मेळावा भरला. खरेदीदारांची बस यायची होती तेवढ्यात व्यापाऱ्याची माणसं ट्रकमधून उतरली. हातात दांडकी, हॉकी स्टिका. साखळीतल्या पोरांना त्यांनी गुरासारखं बडवलं. कुणाची डोकी फुटली, एकाचं मनगट मोडलं. मोडक्या मनगटाचा तो रोह्याचा पोरगा रडत होता, पण पेणच्या गड्यानं त्याला कोपरापाशी धरून ठेवलं होतं. साखळी तुटली नाही. मला तेव्हा अभिमानानं भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग कुणीतरी दगड मारला. तो मांडवातल्या एका म्हाताऱ्या पापडवालीच्या कपाळावर बसला. साखळीत मधोमध उभ्या असलेल्या नानांनी वळून पाहिलं आणि दोन्ही हात सोडून दिले.

दगड मारणाऱ्याला त्यांनी खाली पाडलं, छातीवर बसले आणि तोंड फोडत राहिले. दात पडले तरी थांबेनात. तिकडे त्यांनी सोडलेल्या जागेतून बाकीचे आत घुसले. रंग न लावलेल्या मूर्ती लाथेसरशी फुटल्या, पोह्यांची पोती चिरली, पापड पायाखाली गेले. बस हायवेवरूनच परत फिरली. आणि साखळीतली पोरं अजून हात धरून उभीच होती, कारण सोडा म्हणून सांगायला कुणी आलं नव्हतं. इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.

नाना कोठडीत राहून सुटले तेव्हा मी त्यांना घेऊन म्हातारीकडे गेलो. खाडीकडच्या गावात तिचं घर. कपाळावर टाके होते. नाना खाली मान घालून म्हणाले, "आय, तुला लागलं म्हून राग आवरला नाय गो."

म्हातारी म्हणाली, "कपाळ माझं भरलं असतं रे. ऑर्डर ग्येली ती तू भरून देशील?"

पुढं वर्षभर नानांनी कुणाला हात लावला नाही. पोरं मुद्दाम वेड्यासारखी वागून बघायची, तरी नाही.

दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्याचा तोच निरोप आला. मेळाव्याच्या सकाळी नाना सुंभाचे दोन तुकडे घेऊन आले आणि मला म्हणाले, "बांध." डावं मनगट पेणच्या गड्याच्या मनगटाला, उजवं रोह्याच्या. पोरं कळवळली. "नाना, आमी धरतो ना घट्ट."

"तुमचा भरवसा हाय," ते म्हणाले. "माझा नाय."

ट्रक आला. त्यातून गेल्या वर्षी दात पडलेला माणूसही उतरला. साखळीसमोरून चालत तो नानांपुढे थांबला आणि ओळखीचं हसला. मग त्यानं मारायला सुरुवात केली. आधी हातानं, मग दांडक्यानं, बरगड्यांवर, तोंडावर. नाना गुरासारखे ओरडत होते, शिव्या देत होते, रडत होते. हात सोडवायला त्यांनी इतके हिसके दिले की दोन्हीकडच्या पोरांचे खांदे उखडतात की काय असं वाटलं. सुंभ मांसात रुतला. त्यांच्या पाठीमागे म्हातारी खरेदीदाराला पापड भाजून दाखवत होती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, फक्त आवाज चढवला, म्हणजे तोही वळू नये.

पोलीस आले तेव्हा मारणारे पळाले. नाना उभेच होते. गाठी आवळून दगड झाल्या होत्या, मी विळीनं कापल्या. सुंभ गळून पडला, तरी नानांची बोटं दोन्ही पोरांच्या हातात तशीच रुतलेली. आम्ही समजावलं, पोरांनी समजावलं, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. सुजून डोळे मिटले होते.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मेळावा अजून भरतो, दारात वर्दीतले गार्ड असतात. पण मला नाना त्या दुपारचेच दिसतात. म्हातारी हात पुसत मांडवातून बाहेर आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"सोड रे बाबा आता," ती म्हणाली. "माझा माल संपला."

तेव्हा कुठे नानांनी हात सोडले.