वस्तीचं स्वतंत्र बूथ

शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. हिंगोली मतदारसंघानं चार वर्षांत तीनदा खासदार निवडला आणि तिन्ही वेळा अमृतराव बूथवर एजंट म्हणून बसले. सेनगावच्या पलीकडच्या एका गावात, ओढ्याच्या अंगाला बौद्धांची वस्ती आहे. तिथं त्यांचं घर. दीड एकर हलकी जमीन, एरवी दुसऱ्याच्या शेतात मजुरी. मतदानाच्या दिवशी मात्र धुतलेला सदरा घालून ते सकाळीच गावातल्या शाळेत हजर व्हायचे. त्यांचा उमेदवार तिन्ही वेळा पडला. पडण्याचं त्यांना फार वाटत नसे. वाटलं ते नव्व्याण्णव साली.

त्या वर्षी मतदानाच्या दुपारी वस्तीतल्या बाया रांगेत आल्या, तर आतून उत्तर आलं, "तुमची मतं पडली. जा घरी." त्यांत अमृतरावांची बायको रुक्माबाईही होती. तिच्या बोटाला शाईचा ठिपका नव्हता. अमृतराव ताडकन उठले. दारात गावचा माजी सरपंच कोंडीबा उभा होता.

"अमृता, खाली बस. तिचं मत काय सोन्याचं हाये काय?"

मतदान घेणाऱ्या साहेबानं मान वर केली नाही. रुक्माबाई पदर सावरत परत गेली.

त्याच वर्षी हिंगोली जिल्हा झाला होता. कलेक्टरच्या कचेरीसाठी आता परभणीला जावं लागत नव्हतं. अमृतराव हिंगोलीला खेटे घालू लागले. वस्तीला वेगळं बूथ द्या, एवढंच मागणं. कामाचा दिवस बुडायचा. रुक्माबाई भाकरी बांधून द्यायची आणि म्हणायची, "जावा, पण भांडू नगा." दोन हजार चारच्या निवडणुकीआधी बूथ मंजूर झालं. वस्तीतल्या बालवाडीच्या खोलीत.

त्या वर्षी मतदानाला पहिल्यांदाच मशीन आली. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायाही नवी लुगडी नेसून आल्या. कुणी अडवलं नाही. बाहेर येताच रुक्माबाईनं शाईचं बोट नवऱ्यापुढं धरलं.

"अवो, दाबलं की लांब आवाज येतो. बाहीर ऐकू आला का?"

"आला की," अमृतराव हसले.

पूर्वी मोजणीला अनेक गावांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत. कोणत्या गल्लीनं कुणाला मत दिलं, ते कळायचं नाही. मशीनमध्ये प्रत्येक बूथचा आकडा वेगळा निघाला. बालवाडीच्या बूथवर वस्तीशिवाय कुणाचंच मत नव्हतं. कोंडीबानं आपल्या उमेदवाराला अख्ख्या गावाचा शब्द दिला होता, आणि या बूथवर त्याला मतं पडली अकरा.

कोंडीबा स्वतः वस्तीत आला. ओरडला नाही.

"आजवर मला वाटायचं, वस्ती आपल्यासंगं हाये. बरं झालं अमृतराव, तुमी बूथ आणलं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावरची वाट बोराटीच्या काट्यांनी बंद झाली. वस्तीहून सडकेला आणि शाळेला जायची तीच जवळची वाट. पेरणीला मजूर दुसऱ्या गावाहून आले. गावातल्या जीपवाल्यांना निरोप गेला, वस्तीची सवारी घ्यायची नाही. अमृतराव सेनगावच्या ठाण्यात जाऊन आले. तिथं सांगितलं, शेत त्याचं, बांध त्याचा. रात्री वस्तीतले लोक त्यांच्याच दारात आले.

"बूथ तुमी आणलं. आमाला इच्यारलं होतं काय?"

 बूथ मिळालं त्या दिवशी याच लोकांनी अमृतरावांना हार घातला होता.

श्रावणात रुक्माबाई निंदणीच्या कामासाठी शेजारच्या गावाला जाऊ लागली. बांध बंद, म्हणून ओढ्याच्या काठानं, कमरेएवढ्या गवतातून. तिथं तिला पान लागलं, साप चावला. अमृतराव जीपवाल्याच्या दारी गेले, पाया पडले.

"मामा, गाडी बिघडलेली हाये," तो खाली बघत म्हणाला. गाडी अंगणात धुवून उभी होती.

मुलगा रत्नपाल आणि वस्तीतल्या तिघांनी तिला बाजेवर घेतलं. काटे तुडवून ते बांधावरूनच निघाले. तेव्हा कुणी आडवं आलं नाही. सडकेला लागेपर्यंत रुक्माबाई बोलत होती. सेनगाव दिसायच्या आत तिची मान कलली.

त्या दिवाळीनंतर रत्नपाल बायकोला घेऊन पुण्याला बांधकामावर गेला. त्याची लेक आकांक्षा आजोबांजवळ राहिली.

दोन हजार नऊला पुन्हा खासदारकी आली. वस्तीची बैठक बसली. या वेळी सगळी मतं कोंडीबाच्या माणसाला द्यायची, बदल्यात कोंडीबानं पुन्हा काटे टाकून बंद ठेवलेली वाट खुली करायची. अमृतराव भिंतीला टेकून ऐकत होते.  मतदानाच्या आधीच बोराटी निघाली आणि पोरं बांधावरून शाळेत जाऊ लागली.

मतदानाला रत्नपाल आला होता. बालवाडीतून बाप बाहेर आला तसा त्यानं विचारलं, "बाबा, कुणाला दिलं?"

"त्येच्याच माणसाला."

"तुमी? आईचं असं झाल्यावर?"

"काहून वरडून राहिला? तुझी पोरगी त्याच बांधावरून जाती."

 रत्नपाल म्हणाला, "मंग तिला मी घेऊन जातो."

निकाल लागला. बालवाडीच्या बूथवर कोंडीबाच्या माणसाला हवी तेवढी मतं पडली होती. जूनमध्ये रत्नपालनं खरंच आकांक्षाला पुण्याला नेलं.

ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान होतं. एजंट म्हणून बसा, असं सांगायला वस्तीतली दोन माणसं अमृतरावांच्या शेतात गेली. सोयाबीन काढणीला आलं होतं. त्यांनी विळा थांबवला नाही. मतदानाच्या संध्याकाळी बूथ बंद झालं तरी ते शेतातच होते.