अडतीस स्क्रीनचा पदर

"दिलीप, तीन वाजता टेम्पो येणार आहे. तोवर तुझा तो पदर निघाला तर ठीक, नाहीतर मशीन पदरासकट जाईल," बोकील साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

सकाळचे अकरा वाजले होते. मी कॉम्प्युटरसमोर बसून तीच दोन बटणं आळीपाळीने दाबत होतो. दाराबाहेरच्या बाकावर एक म्हातारे विणकर, नत्थूजी, टोपी गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत बसले होते. मी बटण दाबलं की ते मान हलवायचे. जणू दोघं मिळूनच काम करत होतो.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. शाळांची निकालपत्रकं छापून देणं हा मुख्य धंदा. खोलीत एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. मे महिन्यात माझे नातेवाईक मला ऑफिसात भेटायला फार उत्सुक असत, ते त्यामुळेच. माझा हुद्दा प्रोग्रामर. आई शेजारीपाजारी इंजिनियर सांगायची. मी दोन्ही नव्हतो. आमच्याकडे खरा प्रोग्रामर एकच होता, रमेश. नत्थूजींचा मुलगा.

तांडापेठेतलं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर चाललेलं. धोटा सोडून कीबोर्ड धरणारा रमेश पहिलाच. नत्थूजींना एक जुना पदर येत होता, आजोबांपासून आलेला. कागदावर कुठेही नाही, सगळा तोंडपाठ. तो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावा असं रमेशच्या मनात आलं. रविवारी सकाळी ऑफिस बंद असे, तेव्हा तो बापाला सायकलवर मागे बसवून आणायचा. नत्थूजी सांगायचे, "तीन उचल, दोन सोड, सात उचल." उभा धागा उचलायचा तिथे रमेश फुली टाइप करायचा, सोडायचा तिथे टिंब. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी म्हणजे एक ओळ. ओळीत साठ खुणा. तोही अर्धाच पदर, कारण दुसरा अर्धा आरशातल्यासारखा उलटा. अशा आठशेच्या आसपास ओळी झाल्या.

मग एक दिवस रमेशने राजीनामा दिला आणि तो मस्कतला निघून गेला. घरी न सांगता. दोन वर्षं झाली, बापाला पत्र नाही. बापाचंही त्याला नाही.

आणि आता आमचं ते जुनं मशीन बदलायचं ठरलं होतं. ऑफिसात झाडझूड आणि चहा करणाऱ्या शेवंताबाई तांडापेठेतल्याच. त्यांनी नत्थूजींना आदल्या संध्याकाळी सांगितलं, आणि सकाळी दहाला, कुलूप उघडायच्या आधी, म्हातारा जिन्यावर हजर.

"बाबू, तो डबा चालला म्हणते शेवंता. तं रमेशनं लिहिलं ते मले कागदावर पाहिजे."

"काढून देतो, नत्थूजी."

"सारंच्या सारं पाहिजे. काही सोडाचं नाही."

"कॉम्प्युटर काही सोडत नसतो," मी म्हणालो. हे वाक्य त्यानंतर मी आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.

अडचण अशी होती. रमेशने पदर दाखवायचा प्रोग्राम लिहिला होता, छापायचा लिहिलाच नव्हता. वर त्याला कुलूप घातलेलं, म्हणजे प्रोग्राम चालवता येई, उघडून बदलता येत नसे. जुन्या मशीनची फ्लॉपी नवीन मशीनला वाचता येत नव्हती. राहता राहिलं एक बटण. ते दाबलं की त्या क्षणी स्क्रीनवर जे असेल ते जसंच्या तसं प्रिंटरवर उमटायचं. पण स्क्रीनवर मावत होत्या तेवीस ओळी. चोविसाव्या ओळीत मशीनची सूचना, की पुढे जायला कोणतंही बटण दाबा. म्हणजे छापायचं, पुढे जायचं, छापायचं, पुढे जायचं. अडतीस वेळा. मग ते तुकडे कापून एकाखाली एक चिकटवायचे.

आज माझी मुलगी कॉम्प्युटरवर एक बटण दाबते आणि अख्खं वेबपेज, खाली न दिसणाऱ्या भागासकट, एका लांबलचक चित्रात उतरतं. तिला मी हा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबा, ते सॉफ्टवेअर तुम्हीच होतात." होतो. कात्री आणि डिंकावर चालणारं.

विसाव्या स्क्रीनला प्रिंटरमध्ये कागद अडकला. सत्ताविसाव्याला रिबन इतकी फिकी झाली की फुली आणि टिंब सारखंच दिसायला लागलं; ती बदलावी लागली. बोकील साहेब दर अर्ध्या तासाने केबिनबाहेर डोकावत होते.

"काय करून राहिला बे? साडी विणून राहिला का?"

"पदरच राहिला, साहेब."

दुपारी दोनला अडतिसावी स्क्रीन छापून झाली. ती अर्धीच भरलेली होती. मी कात्री घेतली. प्रत्येक तुकड्याखालची ती सूचनेची ओळ कापून टाकली. साठ खुणांच्या उजव्या बाजूला थोडी जागा उरत होती आणि तिथे रमेशने अधूनमधून इंग्रजी अक्षरांत मराठी काहीबाही टाइप केलं होतं. 'चहा.' 'बाबा थांबले.' प्रोग्रामर लोकांना अशा खुणा करून ठेवायची सवय असते. पदरात त्यांचं काय काम? सुबक दिसावं म्हणून ती उजवी बाजूही मी अडतीसच्या अडतीस तुकड्यांवरून कापून टोपलीत टाकली. शाळेत हस्तकलेत मला कधी पासापुरतेही मार्क मिळाले नव्हते, त्यामुळे कापणं वेडंवाकडं होत होतं. पण मी मन लावून कापलं आणि तुकडे एकाखाली एक चिकटवले.

तीनला टेम्पो आला. दोन हमालांनी मशीन उचललं. नत्थूजी बाकावरून उठून उभे राहिले आणि ते जिन्यावरून उतरेपर्यंत उभेच राहिले. मग शेवंताबाईंनी मागच्या गच्चीत सिगडी पेटवून सगळ्यांना चहा दिला.

चहा पिऊन मी पॅसेजमध्ये पदर अंथरला. बारा फुटांहून लांब. साहेबसुद्धा बघायला आले. नत्थूजींनी चपला काढल्या, उकिडवे बसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण फुली आणि टिंब वाचायला अक्षरं कशाला लागतात? बोट सरसर खाली येत होतं. पहिल्या सांध्यापाशी थांबलं.

"इथं दोन फेऱ्या दुबार आल्या, बाबू."

"नाही हो."

"डोळे तुमचे जवान हायेत. पाहा ना."

मी पाहिलं. रमेशने प्रोग्राम असा केला होता की पुढच्या स्क्रीनवर आधीच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा दिसाव्यात, म्हणजे वाचणाऱ्याची जागा चुकू नये. माझ्यासारख्यांसाठीच ती सोय होती, आणि नेमकी मलाच कळली नव्हती. प्रत्येक सांध्यावर दोन ओळी जास्त. पदर फूटभर लांबला होता.

"असा विणला असता तं बाईले पदर दोनदा खोचा लागला असता," नत्थूजी म्हणाले. साहेब खो खो हसले. मी पुन्हा कात्री घेतली. आता नत्थूजी डोळे मिटून म्हणत होते आणि मी कापत होतो. "पाच उचल, एक सोड, पाच उचल..." सदतीस सांधे झाले. त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

तेव्हा मला पडायला हवा होता तो प्रश्न पडला. सकाळीच पडला असता तर बरं झालं असतं.

"नत्थूजी, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. मग कागद काहून पाहिजे?"

त्यांनी कागद हाताने बाजूला सारला.

"पदर मले कायले पाहिजे? तो अंगात हाय माह्या. रमेश बाजूले काय लिहे, ते पाहिजे. मी एक सांगो, तं तो दोन टकटक करे. मी म्हणो, काय लिहितं रे इतलं? तो म्हणे, तुम्ही जे करता ते. आखरी रविवारी मी त्याले लय बोललो. तो म्हणे, माग इका अन् आराम करा. मी म्हटलं, माग इकशीन तं मले तोंड दाखवू नोको. त्यानं काहीतरी टकटक केलं, अन् उठून गेला. तवापासून गेलाच. ते काय लिहिलं, तेवढं वाचून दाखवा."

मी टोपलीकडे गेलो. टोपली रिकामी होती.

"शेवंताबाई! टोपलीतला कागद?"

"कोणता? त्या चिंध्या? सिगडी पेटवाले घेतल्या ना जी थोड्याक."

"सगळ्या?"

"सगळ्या काहून? थोड्याक घरी न्याले ठेवल्या पिशवीत."

तो चहा आम्ही सगळ्यांनी घेतला होता. नत्थूजींनी तर दोन कप.

पिशवीत एकोणतीस पट्ट्या निघाल्या. नऊ गेल्या. मशीन तर केव्हाच गेलं होतं. मी नत्थूजींसमोर बसलो आणि काय केलं ते सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "सारं पाहिजे म्हटलं होतं मी." ओरडले असते तर परवडलं असतं.

पट्ट्यांवर नंबर नव्हते. कोणती कुठली ओळखणार कशी? पण माझी कात्री इतकी वाकडी चालली होती की कुठल्याही दोन पट्ट्यांची कड सारखी नव्हती. एकेक पट्टी पदराला लावून बघायची, कड जुळली की चिकटवायची. साहेब पॅन्ट सावरून जमिनीवर बसले आणि तेही जुळवायला लागले. पाच वाजून गेले. कोणी घरी जायचं नाव काढेना.

मग मी वरून वाचायला सुरुवात केली. रमेशने फार काही लिहिलं नव्हतं. जागाच तेवढी होती.

'बाबा खोकलले.'

'चहा.'

'ही ओळ सांगताना बाबा हसले.'

"काहून हसलो असीन बा?" नत्थूजी म्हणाले. पुढे वाचू दिलं नाही. ती ओळ बोटाने पुन्हा पाहिली, स्वतःशी पुटपुटले आणि खरंच हसले. का, ते आम्हाला सांगितलं नाही.

'आईचा पदर असाच.'

'बाबा थकले. सांगत नाहीत.'

यावर नत्थूजींनी टोपी उगीच झटकली.

जिथे पट्टी जळाली होती तिथे मी थांबायचो. नत्थूजी त्या कोऱ्या कडेवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चला, म्होरं." तसं नऊ वेळा झालं.

अडतिसावी पट्टी जळाली नव्हती; अर्धीच असल्याने ती लगेच ओळखू आली होती. लावायची ती मी शेवटीच ठेवली होती, भीतीने. शेवटच्या ओळीच्या बाजूला लिहिलं होतं, 'बाकी बाबाले विचारणे.'

"बाकी?" साहेब म्हणाले. "म्हणजे पदर अपुरा आहे?"

"चौदा फेऱ्या राहिल्या," नत्थूजी म्हणाले. "त्या सांगाच्या आधीच भांडलो." मग माझ्याकडे वळून, "पुन्हा वाचा बरं."

मी वाचलं. आणखी एकदा वाचलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"पत्ता हाय का त्याचा?"

पत्ता साहेबांकडे होता. अनुभवाच्या दाखल्यासाठी रमेशने तो कळवला होता. मी कागद घेतला. नत्थूजी चौदा ओळी सांगत गेले, मी फुल्या आणि टिंबं काढत गेलो. झाल्यावर विचारलं, "खाली काय लिहू? खुशाली? घरी ये म्हणू?"

"काही नोका लिहू. त्यानं इचारलं, मी सांगितलं. दोन वर्सं उशीर झाला एवढंच."

तो कागद मस्कतला टपालाने पाठवल्यावर दीड महिना नत्थूजी दर सोमवारी यायचे. बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि काही न विचारता जायचे. साहेबसुद्धा टपाल आधी चाळून मग केबिनमध्ये जायला लागले. शेवटी एका सोमवारी माझ्या नावाने रमेशचं पाकीट आलं. मी नत्थूजींसमोरच फोडलं. आत एकच ओळ होती: 'नववी ओळ एकोणसाठच भरते. बाबांना विचारून कळव.'

नत्थूजींनी कपाळाला हात लावला. "मी तं साठ सांगितल्या होत्या!"

त्यांनी साठच सांगितल्या होत्या. मी एक टिंब गाळलं होतं.

मी शरमून लगेच कागद काढला, पण नत्थूजींनी हात धरला. "थांबा. घाई नाही. बसून लिहू." त्या दिवशी ते पत्र दोन पानांचं झालं. नववी ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी आली. बाकीचं काय होतं ते मी इथे सांगणार नाही, मी फक्त लेखनिक होतो. पुढच्या वर्षी रमेश सुटीवर आला. माग विकला गेला नाही. रमेश तिकडून कायमचा परतही आला नाही, दर वर्षी सुटीवरच येत राहिला, आणि नत्थूजी दर सुटीचे दिवस बोटांवर मोजत राहिले.

जळालेल्या नऊ पट्ट्यांवर काय होतं, हे मी रमेशला विचारलं होतं. त्याला एकही आठवेना. नत्थूजींना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की सगळ्यात चांगलं त्याच नऊंवर होतं.

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतली सर्वांत उपयोगी पडलेली चूक ती नवव्या ओळीतली, आणि सर्वांत महाग पडलेली हुशारी ती कात्रीची. नव्या मुलांना काम शिकवताना मी एवढंच सांगायचो: पान उतरवायचं तर कडेसकट उतरवा, आणि गिऱ्हाइकाने 'सारं पाहिजे' म्हटलं की 'सारं म्हणजे काय' हे विचारून घ्या. मुलं माना डोलवायची आणि कडा कापायचीच.