नापास अस्वल

बाहुलीचा हात उपटायला किती जोर लागतो, हे सांगण्याचा पगार घेणारी माणसं जगात फार नसतील. त्यांतलीच एक बाई दोन मुलींची आई होती.

ती खेळणी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. कारखान्यातून निघालेली कोरी खेळणी दुकानात जाण्याआधी तिच्या टेबलावर यायची, आणि ती त्यांचं जे काही करायची ते एखाद्या लहान मुलाने पाहिलं असतं तर त्याने आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नसतं. अस्वलाचा डोळा चिमट्यात धरून यंत्राने ओढायचा. मोटार लोखंडी फरशीवर आपटायची, उचलायची आणि परत आपटायची. बाहुलीची मान पिळायची. काही निघालंच, तर तो तुकडा एका छोट्या नळकांड्यात टाकून बघायचा. हे नळकांडं तान्ह्या मुलाच्या घशाच्या मापाचं. तुकडा त्यात आख्खा मावला की खेळणं नापास, मग ते कितीही गोड हसत असो.

नवरा या जागेला बाहुल्यांचा कत्तलखाना म्हणायचा. संध्याकाळी ती घरी आली की विचारायचा, आज कोण कोण गेलं. ती चप्पल काढता काढता सांगायची, दोन बदकं, एक आगगाडी. हे बोलणं मुली लक्ष देऊन ऐकायच्या. दुसऱ्या घरांतल्या मुली आईकडून गोष्टी ऐकतात, तशा.

साहजिकच या घरात खेळणी नव्हती. म्हणजे आली होती पुष्कळ. वाढदिवसाला कोणी ना कोणी आणायचंच. पण पाहुणे जिन्यावरून खाली उतरेपर्यंत आईची बोटं खेळण्यावरून फिरलेली असायची, आणि खेळणं कपाटाच्या वर गेलेलं असायचं. कपाटावर आता एवढी गर्दी झाली होती की वरचा पंखा लावताना जपावं लागे. मुली खाली पातेली, झाकणं आणि कपड्यांचे चिमटे घेऊन खेळायच्या. सासूबाई फोनवर सुस्कारा सोडून म्हणायच्या, “खेळणी तोडून पोट भरतेस, आणि पोरींच्या हातात झाकणं. मी येऊन राहते बाई कायमची, म्हणजे नातींना बाहुली तरी बघायला मिळेल.”

‘कायमची’ हा शब्द सासूबाई इतक्या प्रेमाने उच्चारायच्या की आई घाईने विषय बदलायची. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या आल्या तर घर झकास चालेल याबद्दल कोणाला शंका नव्हती. फक्त ते घर आपलं राहील का, एवढीच आईला होती.

सासूबाईंना अडवून धरणारी भिंत म्हणजे पाळणाघर. नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले अर्धे दिवस तो परगावी. थोरलीची शाळा दुपारची, धाकटीची अजून सुरू व्हायची होती. सकाळी दोघींना पाळणाघरात सोडायचं आणि बस पकडायची, अशी घडी बसली होती. मावशींचं पाळणाघर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मधे एक पडदा. पण दोन्ही मुलींना एकत्र घेणारं, थोरलीला शाळेच्या गाडीत बसवून देणारं आणि आईला उशीर झाला तरी तोंड वाकडं न करणारं दुसरं त्या भागात नव्हतं. आईने शोधून पाहिलं होतं.

अशात एक दिवस मावशींचा लॅबमध्ये फोन आला. त्यांचा फोन म्हणजे ताप किंवा उलटी. आईने पर्स उचलत विचारलं, किती ताप आहे. मावशी म्हणाल्या, ताप नाही, दोघी ठणठणीत आहेत, तुम्ही या. त्या आवाजापेक्षा ताप बरा, असं आईला वाटलं.

पाळणाघराच्या खिडकीत खेळणी ओळीने बसवली होती. अस्वल, ससा, हत्ती, कुत्रा, माकड. कोणालाच डोळे नव्हते. माकडाला एक होता, कारण तेवढ्यात दुधाची वेळ झाली होती.

काय झालं ते मावशींनी सांगितलं. धाकटीने प्रत्येकाचे पाय धरले. थोरलीने डोळे ओढले, बोटांनी नाही निघाले तर दातांनी. निघालेला प्रत्येक डोळा औषधाच्या बाटलीच्या झाकणात घालून पाहिला, आणि मावला की थोरलीने “नापास” असं जाहीर केलं. बाकीची मुलं आधी टाळ्या वाजवत होती. मग स्वतःचं आवडतं खेळणं नापास व्हायला लागल्यावर एकेकाने भोकाड पसरलं. नेमके त्याच वेळी एका मुलाचे वडील त्याला लवकर न्यायला आले. समोर आंधळी खेळणी, भोवती रडणारी मुलं, आणि मधोमध बसून एक मुलगी निकाल लावतेय. त्यांनी मावशींना विचारलं की इथे नेमकं काय शिकवता.

“इतकी वर्षं पाळणाघर चालवतेय,” मावशी म्हणाल्या, “कोणी मला असं विचारलं नव्हतं.”

आईने मान खाली घातली. पण मान खाली गेली ती अस्वलाजवळ, आणि हात सवयीने त्याच्या कानामागच्या शिवणीवर गेला. टाके लांब लांब, दोरा एकपदरी. लॅबमध्ये हे अस्वल पहिल्या ओढीत गेलं असतं. मुलींचं काहीच चुकलं नव्हतं, आणि हे इथे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा माफी मागितली.

मावशींनी अट घातली. अट साधी होती. सोमवारी सगळ्यांचे डोळे जागेवर पाहिजेत, आणि आईने स्वतःच्या तोंडाने सगळ्या मुलांसमोर सांगायचं की मावशींची खेळणी चांगली आहेत. नाही जमलं तर दुसरीकडे बघा. मावशींच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. ते वडील गप्प बसणारे वाटत नव्हते, आणि चार पालकांनी मुलं काढली की पाळणाघर बंद.

आई लगेच हो म्हणाली. मुलींना समोर उभं करून तिने सुरुवातही केली की हे बघा, मावशींची खेळणी चांगली आहेत. थोरलीने ऐकून घेतलं. मग सतरंजीवर पडलेल्या एका तान्ह्या बाळाकडे बोट दाखवलं. दिसेल ते तोंडात घालायचं, एवढाच त्या बाळाचा उद्योग होता.

“मग ह्याला देऊ चावायला?”

मावशी आईकडे बघत होत्या. धाकटी बघत होती. बाळसुद्धा बघत होतं, तोंड उघडं ठेवून.

आई म्हणाली, “आधी दुरुस्ती, मग फेरतपासणी.”

थोरलीने मान डोलावली. हे लॅबमधलं बोलणं होतं, तिच्या ओळखीचं. मावशींना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी खेळणी मोठ्या पिशवीत भरली, आणि निघता निघता कोपऱ्यातला जिराफही वर ठेवला. कमरेएवढा उंच, पिवळाधमक. पाळणाघराची शान. नवीन पालक आले की मावशी त्याच्याशेजारी उभ्या राहून बोलायच्या. याचा एक डोळा जरा ढिला वाटतोय, म्हणाल्या, करताच आहात तर हाही करा.

रविवारी आईने सुईदोरा काढला आणि तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. तिला शिवता येत नव्हतं. कोणतं खेळणं कुठे उसवेल हे ती दारातून ओळखायची, पण आजवर तिने एकही खेळणं जोडलं नव्हतं. नवरा त्या दिवशी घरी होता. त्याने चहा करून आणला आणि समोर बसून मजा बघितली. म्हणाला, कसायाने दवाखाना उघडला.

प्लॅस्टिकचे डोळे परत लावायचेच नाहीत, हे तिने ठरवलं होतं. काळ्या दोऱ्याने डोळे भरायचे, म्हणजे निखळायला काही उरणारच नाही. कल्पना बिनतोड होती, हात मात्र तिचेच होते. अस्वल घाबरलेलं दिसायला लागलं. सशाचा एक डोळा कपाळावर गेला. हत्ती तर थेट सासूबाईंसारखा बघायला लागला, आणि हे पहिल्यांदा नवऱ्याच्या लक्षात आलं, म्हणून आईला हसता आलं.

एकेक तयार झालं की थोरली पुढे यायची. धाकटी पाय धरायची. थोरली दोन्ही हातांनी डोळा ओढायची, आणि आई हातातली सुई हातातच ठेवून श्वास रोखायची. अस्वलाचा डोळा हलला नाही. त्याऐवजी कान थोरलीच्या हातात आला.

“डोळे पास,” थोरली म्हणाली. “कान नापास.”

आईने कान शिवला. मग शेपटी गेली. शेपटी शिवली तेव्हा पंजा. एक जागा पक्की केली की ओढ पुढच्या कच्च्या जागेवर जाते, हे आईने लॅबमध्ये कारखानदारांना शंभरदा ऐकवलं होतं. ऐकताना त्यांचे चेहरे असे का पडायचे, ते तिला आज समजत होतं. दिवेलागणीपर्यंत तिच्या बोटांची चाळण झाली. धाकटी हत्तीला मिठी मारून जमिनीवरच झोपून गेली, आणि आईने पाहिलं की मुलगी झोपेत हत्तीचा कान चोखतेय. तिने हळूच वाकून कान ओढून बघितला. टिकला.

राहिला जिराफ. त्याच्या डोळ्याला हात घालण्याआधी आईने सवयीने त्याची मान दाबत खालपर्यंत बोटं नेली आणि मध्येच थांबली. आत तार होती. मान ताठ राहावी म्हणून घातलेली, आणि वाकवून वाकवून तिचं टोक कापसातून वरच्या कापडापर्यंत आलेलं. बोटाला टोचत होतं. हे शिवून जाणारं नव्हतं. वरून कितीही टाके घाला, कोणीतरी एकदा मिठी मारली की तार बाहेर.

नवऱ्याने मान दाबून पाहिली आणि तो गंभीर झाला. मग त्याने व्यवहाराचं बोलायला सुरुवात केली. मावशींचा जीव आहे या जिराफावर. उंच असतो, कोपऱ्यात असतो, मुलं फारशी हात लावत नसतील. डोळा शीव आणि दे. नाहीतर मग माझ्या आईला बोलावून घेऊ.

शेवटचं वाक्य तो मुद्दाम बोलला नव्हता, पण ते बोलणं खोलीत तसंच राहिलं. आईने जिराफाचा डोळा शिवला. सगळ्यांत सुबक तोच झाला.

सोमवारी सकाळी पिशवी पाळणाघरात रिकामी झाली. मावशींनी एकेक चेहरा उचलून पाहिला. सशाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि त्याला हत्तीच्या मागे ठेवलं. मुलं खेळण्यांवर तुटून पडली. डोळे वाकडे आहेत की सरळ, याची त्यांना पर्वा नव्हती. जिराफ त्याच्या कोपऱ्यात उभा राहिला. ते वडीलही मुलाला सोडायला आले होते, आणि मावशींनी त्यांना दारातच थांबवून ठेवलं होतं.

“सांगा ताई,” मावशी म्हणाल्या.

आईने मुलांकडे बघून सांगितलं की मावशींची खेळणी चांगली आहेत. आवाज स्वच्छ आला. खोटं तरी आता त्यात फारसं कुठे होतं? कालचा अख्खा दिवस ते खरं करण्यातच गेला होता. वडिलांनी मान हलवली. मावशींच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. बसची वेळ झाली होती. आईने पर्स खांद्याला लावली.

तेवढ्यात सतरंजीवरचं बाळ रांगत निघालं. ते कालपरवाच रांगायला लागलं असावं, कारण दिशा त्याची त्यालाच ठाऊक नव्हती. ते कोपऱ्याकडे गेलं, जिराफाच्या पायाला धरून गुडघ्यांवर उठलं आणि त्याला आपल्याकडे ओढायला लागलं. जिराफाची मान बाळावर वाकली.

“जिराफ सोडून,” आई म्हणाली.

मावशी वळल्या. आईने जाऊन बाळाला उचललं होतं आणि ती सांगत होती, एका दमात, मध्ये थांबले तर जमणार नाही अशा घाईने, की बाकी सगळी चांगली आहेत, जिराफ नाही. मानेत तार आहे. मी कालच बघितली. तरी डोळा शिवून दिला. वडील दारात उभे होते, आणि आईला वाटलं, झालं, आता संध्याकाळी सासूबाईंना फोन.

मावशींनी जिराफाच्या मानेवरून हात फिरवला. वरून खाली, मग खालून वर. एका जागी त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी ते झटकन मागे घेतलं. वडिलांना हे दिसू नये म्हणून त्या मध्ये उभ्या राहिल्या. मग त्या वडिलांकडे वळल्या. आणि बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज खास पालकांसाठी राखून ठेवलेला होता.

“जिराफ खेळायचा नाहीच मुळी. शोभेचा आहे. आणि आमच्याकडे तपासणीला माणूस येतं, बरं का. लॅबमधलं.”

वडिलांवर चांगलाच परिणाम झाला. त्यांनी आईकडे आदराने पाहिलं, आपल्या मुलाच्या डोक्यावर हात फिरवला आणि ते समाधानाने निघून गेले. मावशींनी जिराफ उचलला, स्टुलावर चढून कपाटाच्या वर ठेवला आणि खाली उतरताना आईला हलक्या आवाजात म्हणाल्या, “दर महिन्याला एकदा बघून जात जा. फीमध्ये काही कमी होणार नाही.”

म्हणजे मुली राहिल्या. वर आईला एक बिनपगारी नोकरी मिळाली आणि पाळणाघराची एक जाहिरात झाली. कोणाचं काही बिघडलं नाही, एवढं चांगलं तर तिने मागितलंही नव्हतं.

ती दाराशी पोचली तेव्हा थोरली मावशींजवळ जाऊन उभी होती. बाळाला नुकतंच पाळण्यात ठेवलं होतं आणि मावशी झोका देत होत्या. पाळणा दर झोक्याला बारीक करकरत होता. थोरली जरा वेळ कान देऊन ऐकत राहिली. मग तिने वाकून पाळण्याच्या कडीखाली पाहिलं.

“मावशी, बाळाला काढा,” ती म्हणाली. “हे बघायला पाहिजे.”

मावशींनी झोका थांबवला आणि दाराकडे पाहिलं. दारात आई नव्हती. थोरलीचं बोलणं तिने ऐकलं होतं, तरी बस सुटेल म्हणून ती जिना उतरत होती, अशा वेगाने की अर्ध्या जिन्यात तिला स्वतःचीच लाज वाटली. ती थांबली, वळली आणि परत वर चढायला लागली.