फिरोजी रंगाचा क्लब

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही लखनौला आलो. मला तिथल्याच एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्राची नोकरी मिळाली आणि दोन-चार वर्षांसाठी मांडलेला संसार तिथं चांगला रुजला. घर निशातगंजच्या बाजाराला लागून होतं. जानेवारीत तिथं असं धुकं पडायचं, की सकाळी फिरायला निघाल्यावर स्वतःच्या चपला दिसत नसत. वाटेत एक मैदान लागायचं. तेही दिसायचं नाही. पांढऱ्या धुक्याच्या आतून चेंडूचा धप् आवाज यायचा, मग पळणारी पावलं, मग कुणाचं तरी "छोड़ दे, छोड़ दे!" मी तिथं उभी राहायची. झोपेतच आहोत असं वाटायचं.

मी कोल्हापूरची. पेठांच्या फुटबॉलवर वाढलेली. भाऊ, चुलतभाऊ सगळे खेळायचे आणि मी बघायची. बघून बघून मला खेळातलं बारीकसारीक कळायला लागलं. पायाला चेंडू मात्र कधी लागला नाही. मुलींनी खेळायचं असतं, हे घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

एका सकाळी धुक्यातून चेंडू घरंगळत आला आणि माझ्यापुढं थांबला. त्याच्यामागून मफलर गुंडाळलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक वयस्कर गृहस्थ आले.

"माफ़ कीजिएगा बहनजी, चोट तो नहीं आई?"

मी चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. "नहीं। मगर आपका लेफ़्ट बैक बहुत आगे निकल जाता है।"

"इस कोहरे में आपको दिख रहा है?"

"आवाज़ से पता चलता है।"

ते माझ्याकडं बघतच राहिले, आणि मग इतके हसले की शिट्टी हलायला लागली. ते क्लबचे सेक्रेटरी होते. गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यानंतर आमची रोज गाठ पडू लागली.

क्लब फार जुना होता. जर्सी फिरोजी. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर निळसर. वर्षानुवर्षं ही हौशी पोरं स्थानिक लीगमध्ये खेळत होती. दोन हजार दहा उलटल्यावर मात्र क्लबला चांगला आश्रयदाता मिळाला आणि व्यावसायिक संघ म्हणून नोंदणी करायचं ठरलं. अर्जाला क्लबचा इतिहास जोडायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, मी गणिताचा माणूस. लिहायचं तुम्ही."

कागदपत्रं नव्हती. होता तो त्यांच्या दिवाणखान्यातला त्यांच्या वडिलांचा फोटो. हार घातलेला, खाली 'संस्थापक' असं लिहिलेला. मी पहिलं वाक्य त्यावरूनच लिहिलं. पुढं मात्र गाडी अडली. पहिल्या संघातलं कुणी आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, गोलकीपर आहेत. मलिहाबादला असतात, मुलाच्या आंब्याच्या बागेत.

फेब्रुवारी संपत आला होता. आम्ही दोघं सकाळीच निघालो. मलिहाबादच्या अलीकडंच गाडीत मोहोराचा वास शिरला, गोड आणि जरासा उग्र. दशहरीची झाडं मोहोरानं पिवळसर झाली होती आणि खाली सावलीत उन्हाचे कवडसे हलत होते. मी कामासाठी कितीतरी बागा पालथ्या घातल्या होत्या. त्या दिवशी मात्र मला एकाही रोगाचं नाव आठवलं नाही.

गोलकीपर खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे असावेत. हात अजून हे एवढे मोठे. आधी ते सेक्रेटरींना त्यांचे वडीलच समजले. मग ओळख पटली. मी विचारलं, "बाबा, फिरोजी रंग कुणी निवडला?"

"निवडला कुठं?" ते म्हणाले. "उस्तादांकडं तोच उरला होता."

उस्ताद म्हणजे निशातगंजातला एक रंगरेज, ओढण्या रंगवणारा. त्यानं गल्लीतली पोरं जमवली, खेळ शिकवला, स्वतः राइट बॅकला खेळला. जर्सी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून प्रत्येकाची घरातली बनियन मागून घेतली आणि उरलेल्या रंगाच्या कढईत बुडवली. पहिल्याच सामन्यात मावठा कोसळला.

"रंग उतर गया, बेटी," म्हातारे हसत म्हणाले. "जीतकर लौटे तो हम सब नीले थे। मुँह, हाथ, सब। अम्मा ने दरवाज़े से पूछा, कौन हो तुम लोग?"

माझ्या डोळ्यांपुढं पावसात भिजून एकामागून एक चालणारी ती निळी माणसं आली. मी लिहायचं विसरले.

सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "और वालिद साहब?"

"ते नंतर आले. क्लबची नोंदणी करायची होती. उस्तादांना सही करता येत नव्हती, तुझ्या वडिलांना येत होती. त्यांनी केली. भला माणूस. मग उस्ताद कुठं तरी निघून गेले."

"नाव काय होतं त्यांचं?"

म्हाताऱ्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "उस्ताद," ते म्हणाले. "आम्ही उस्तादच म्हणायचो."

मोहोरावर माश्या घोंगावत होत्या. मग म्हातारे एकदम उठले, खाटेखालून अर्धवट हवेचा एक चेंडू काढला आणि दोन झाडांच्या मधे जाऊन उभे राहिले. "चल बेटी, मार."

मी सेक्रेटरींकडं पाहिलं. ते तिथं नव्हतेच, म्हणजे मनानं. मी ओढणी कमरेला खोचली, चपला काढल्या आणि मारला. चेंडू वाकडातिकडा गेला, पण म्हातारे दोन पावलं सरकले आणि तो त्यांनी छातीशी धरला, बाळाला घ्यावं तसा. "फिर से," ते म्हणाले. मी किती वेळा मारला कुणास ठाऊक. तळपायाला माती लागत होती, पायाची बोटं हुळहुळत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. चाळिशी ओलांडलेली बाई मी.

परतताना शहर जवळ आल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, वो पहला वाक्य बदल दीजिए।"

"घरच्यांना काय सांगाल?"

"जे आज ऐकलं ते." थोड्या वेळानं म्हणाले, "फोटो राहील. मेरे वालिद तो वे हैं ही।"

अर्जात संस्थापकाच्या चौकटीत आम्ही लिहिलं: उस्ताद, रंगरेज, निशातगंज. नोंदणीच्या कार्यालयातून फोन आला, पूर्ण नाव कळवा. सेक्रेटरी म्हणाले, "साहब, इतना ही मालूम है। ग़लत लिखने से अच्छा है।" अर्ज मंजूर झाला.

पहिला व्यावसायिक सामना डिसेंबरातल्या एका दुपारी झाला. मैदानाच्या टोकांना धुकं थांबून राहिलं होतं आणि खेळाडू त्यात शिरून पुन्हा बाहेर येत होते, फिरोजी, धूसर. गोलकीपरबाबांना मुलानं आणलं होतं. खुर्चीत, उन्हात, पहिल्या दहा मिनिटांतच ते झोपी गेले. आपण एक-शून्यनं हरलो. लेफ्ट बॅक पुढं गेला होता. सेक्रेटरींनी माझ्याकडं वळून नुसती मान हलवली.

व्यावसायिक संघ दोनच मोसम टिकला. आश्रयदात्यांचं मन दुसरीकडं वळलं, चांगली पोरं कोलकात्याला, गोव्याला गेली. क्लब पुन्हा पूर्वीसारखा झाला, सकाळचा. पण त्याच हिवाळ्यात सेक्रेटरींनी मैदानाचा एक कोपरा मुलींसाठी राखून ठेवला आणि मला विचारलं, "शिकवाल का?"

"मला खेळता कुठं येतं?"

"पण दिसतं ना?"

आमची बदली होईपर्यंत मी रोज सकाळी तिथं जात राहिले. शाळेत जाण्याआधी सात-आठ मुली यायच्या, स्वेटर काढून कुंपणावर टाकायच्या. मी बाजूला उभी राहून ओरडायची, अर्धं हिंदीत, अर्धं कोल्हापुरीत, आणि त्यांना सगळं कळायचं.